इंडक्शन शेगडीचा आयजीबीटी वारंवार उडतोय? गेटजवळचा तो बारीक पार्ट आधी ओळखा

आयजीबीटी (कॉइलमधला करंट झपाट्याने चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर) नवा घातला, फ्यूज घातला, शेगडी चालू झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, आणि महिन्याच्या आत तीच शेगडी त्याच तक्रारीसह पुन्हा टेबलावर. इंडक्शनचं काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी सगळा दोष आयजीबीटीवर ढकलला जातो. बाजारात नकली आयजीबीटी आहेत हे खरंच आहे. पण माझ्याकडे परत आलेल्या शेगड्यांत मला जास्त वेळा वेगळंच दिसलं. पहिल्या दुरुस्तीत एखादा बारीक पार्ट नीट न ओळखता बदललेला असतो, नाहीतर कळत नाही म्हणून तसाच सोडून दिलेला असतो.

एक शेगडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात ही चूक मी स्वतः केली होती.

आमच्या कराडात कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या एक काकू २००० वॉटची शेगडी घेऊन आल्या. "दादा, सकाळी चहाचं आधण ठेवलं, आणि फट् आवाज होऊन घरातली लाईटच गेली," म्हणाल्या. उघडल्यावर नेहमीचंच दृश्य. फ्यूज काळा, आयजीबीटीचे तिन्ही पाय एकमेकांशी शॉर्ट. ब्रिज (मेनच्या एसीचं डीसी करणारा पार्ट) मात्र वाचला होता. आणि आयजीबीटीच्या गेटपासून, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायापासून, बोटभर अंतरावर काचेचा एक पार्ट फुटलेला. तांदळाच्या कणीएवढा, लांबी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. अर्धी काच उडून गेलेली, उरलेली काळी पडलेली, पट्टा नाही, अक्षर नाही. बोर्डावर त्याच्या शेजारी फक्त 'डी७' छापलेलं.

काचेचा आहे, 'डी' लिहिलंय, म्हणजे ४१४८ हा नेहमीचा छोटा डायोड असणार असं धरून मी डबीतला ४१४८ काढून लावला. शेगडी चालू झाली. काकूंची खानावळ अडलेली होती, मीही घाईत होतो. तीन आठवड्यांनी शेगडी परत आली, आणि या वेळी नुकसान दुप्पट होतं. आयजीबीटी गेला, फ्यूज गेला, गेटचा रेझिस्टर जळाला, गेटला करंट देणारी ट्रान्झिस्टरची जोडी फुटली आणि त्यामागचा एलएम३३९ हा व्होल्टेजची तुलना करणारा आयसी सुद्धा मेला. पहिल्या वेळी हे सगळं का वाचलं होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला. त्याचं उत्तर त्या फुटलेल्या कणीत होतं.

पुढे जाण्याआधी सुरक्षेचं सांगतो, आणि हे गंभीरपणे घ्या. इंडक्शनचा बोर्ड मेनपासून वेगळा केलेला नसतो. त्यातली ५ व्होल्टची लाईनसुद्धा थेट २३० व्होल्टशी जोडलेली असते, म्हणून चालू बोर्डाला बोट लावायचं नाही. ब्रिजनंतरच्या ५ मायक्रोफॅरडच्या चौकोनी कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. प्लग काढल्यावर तो बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरींनी उतरवा आणि मीटरने शून्य दिसल्यावरच चिमटा लावा. आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये असलाच पाहिजे. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तेवढ्यावर थांबा.

पार्टकडे नंतर बघा, आधी ट्रॅक वाचा

अंगावर अक्षर नसलेला किंवा जळलेला पार्ट समोर आला की आपण त्याच्याकडेच टक लावून बसतो. त्यातून फारसं काही मिळत नाही. त्याचे पाय कुठे जातात ते बघा. शेजारी कोण आहेत ते बघा. गावात अनोळखी माणूस आला की आपण आधी 'कुणाकडे आलात?' असंच विचारतो ना, तसंच इथे.

फुटलेला पार्ट काढला, आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने जागा स्वच्छ केली. काजळी राहिली तर ती करंट वाहते आणि मीटर खोटं बोलतं, म्हणून पुसायचा कंटाळा करू नका. मग मीटर बीपवर लावून दोन्ही पॅड तपासले. एक पॅड थेट आयजीबीटीच्या गेटला. दुसरा ग्राउंडला, म्हणजे एमिटरच्या बाजूला. त्याच दोन टोकांत एक १०३ लिहिलेला रेझिस्टर, म्हणजे १० किलोओहम, गेट खाली ओढून धरणारा. बोर्डावर छापलेल्या चिन्हातली आडवी रेघ गेटच्या बाजूला होती. म्हणजे कॅथोड गेटकडे, अॅनोड ग्राउंडकडे.

आता विचार करा. अशा दिशेने लावलेला साधा ४१४८ तिथे काय काम करेल? गेटवर उणे व्होल्टेज आलं तर तेवढं अडवेल. वरच्या बाजूला मात्र काहीच रोखणार नाही, कारण उलट्या दिशेने तो ७५ व्होल्टपर्यंत सहज अडून बसतो. एवढ्या महत्त्वाच्या जागी, नेमका गेट आणि एमिटरच्या मधोमध, कारखान्याने अर्धवट कामाचा पार्ट कशाला ठेवला असता? त्या आयजीबीटीच्या डेटाशीटमध्ये गेटची कमाल मर्यादा २० व्होल्ट आहे. बोर्डावर गेट चालवणारी लाईन १८ व्होल्टची आहे. म्हणजे १८ पेक्षा वर जाऊ न देणारा, २० च्या आत पकडणारा पार्ट हवा. तो १८ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला उलट्या दिशेने उघडून जास्तीचं व्होल्टेज तिथेच थोपवणारा डायोड.

पहिल्या वेळचं कोडंही इथेच सुटलं. आयजीबीटी शॉर्ट होतो तेव्हा कलेक्टरवरचं, म्हणजे कॉइलकडच्या पायावरचं, मोठं व्होल्टेज गेटच्या वाटेने मागे घुसतं. तेव्हा तो झेनर स्वतः शॉर्ट होऊन फुटला, आणि मागची ट्रान्झिस्टर जोडी आणि आयसी वाचले. दुसऱ्या वेळी तिथे माझा ४१४८ होता, त्याने काहीच अडवलं नाही आणि सगळा मार मागे गेला. काकूंचा जास्तीचा खर्च माझ्या त्या एका अंदाजामुळे झाला होता. दुसऱ्या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.

अंदाज पक्का कसा करायचा

तर्क बरोबर वाटला म्हणून लगेच लावू नका. माझ्याकडे हाताखाली भाचा काम शिकतो. तो म्हणाला, "मामा, त्या वरच्या फळीवर अशाच बोर्डाची भंगार शेगडी आहे." काच फुटलेली म्हणून कुणीतरी टाकून दिलेली. बोर्ड हुबेहूब तोच नव्हता, पण गेटची रचना तशीच होती, आणि त्याच जागी तसलीच काचेची कणी होती, अखंड.

ती काढली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बरेच जण इथेच फसतात. मीटरच्या डायोड रेंजवर झेनर आणि ४१४८ एकसारखेच दिसतात. सरळ दिशेने दोघेही ०.६ ते ०.७ दाखवतात, उलट दिशेने दोघेही ओपन. साध्या मीटरच्या डायोड रेंजमध्ये ३ व्होल्टच्या आसपासच दाब असतो. १८ व्होल्टचा झेनर त्याने उघडणारच नाही. म्हणून 'मीटरवर डायोड चांगला आहे' एवढ्यावरून तो कुठला डायोड आहे हे कळत नाही.

माझी पद्धत अशी. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या, म्हणजे २७ व्होल्ट. त्यात १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालायचा आणि पार्ट उलटा, म्हणजे पट्ट्याचं टोक प्लसकडे करून जोडायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पार्टच्या दोन टोकांवर वाचायचं. करंट एक मिलिअँपिअरच्या आतच राहतो, पार्टला काही होत नाही. भाच्याने चिमट्याने कणी धरली, मी प्रोब लावले. मीटरवर १७.७. मग शेजारी डबीतला ४१४८ तसाच लावून दाखवला. पूर्ण २७. भाच्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मला अजून आठवतो. दोन कण्या शेजारी शेजारी ठेवल्या तर भिंगातूनही फरक कळत नव्हता, आणि मीटरवर नऊ व्होल्टांचं अंतर होतं.

काचेच्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या) पार्टवर पट्ट्याचा रंग असतो, त्यावरून काही जण ओळखतात. मी त्यावर विसंबत नाही. रंग बनवणाऱ्याप्रमाणे बदलतो.

दुकानात मागताना 'तो काचेचा बारीक डायोड' असं मागू नका, ४१४८ हातात पडेल. 'झेनर, १८ व्होल्ट, अर्धा वॉट, काचेचा एसएमडी' असं मागा. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले पार्ट शोधायला जातात, पण हा झेनर दुर्मिळ नाही. एसएमडी मिळालाच नाही तर पायांचा १एन४७४६ चालतो, तो १८ व्होल्ट एक वॉटचा आहे. पाय आखूड कापा आणि आयजीबीटीच्या हीटसिंकला टेकू देऊ नका.

दुसरा अनोळखी: तीन पायांचा, अंगावरचं सगळं उडालेला

दुसऱ्या वेळी फुटलेल्या ट्रान्झिस्टर जोडीतला एक, क्यू३, पार उघडा पडला होता. बारीक तीन पायांचा, अंग जेमतेम तीन मिलिमीटर. शेजारच्या क्यू४ वर 'दोन-टी-वाय' असं इंग्रजीत कोरलेलं दिसत होतं, तेही नीट नाही. कोरलेलं अक्षर दिसत नसेल तर एक साधा उपाय आहे. त्यावर पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळा, हलकेच पुसा, आणि टॉर्च अगदी आडवा धरा. खाचेत पूड अडकते आणि अक्षर उठून दिसतं. मग घड्याळजीचं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून फोटो घ्या आणि तो मोठा करून वाचा. डोळे ताणत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दोन-टी-वाय म्हणजे एस८५५०, पीएनपी. आता ट्रॅक वाचा. दोघांचे बेस एकमेकांना जोडलेले. दोघांचे एमिटर एकमेकांना जोडलेले आणि तिथून गेटच्या रेझिस्टरकडे. क्यू४ चा कलेक्टर ग्राउंडला, क्यू३ चा कलेक्टर १८ व्होल्टला. खालचा पीएनपी गेट खाली ओढतो, म्हणजे वरचा गेट वर ढकलणारा एनपीएन असणारच. एस८५५० चा जोडीदार एस८०५०, त्याच्यावर जे३वाय लिहिलेलं असतं. भंगार बोर्डावर तीच जोडी, तीच अक्षरं. दोन्ही बदलले. एक फुटला असताना दुसरा मीटरवर चांगला दिसला तरी ठेवू नका, त्यानेही तोच मार खाल्लेला असतो.

अक्षर वाचता आलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका. एवढ्याशा अंगावर पूर्ण नंबर मावत नाही, म्हणून दोन-तीन अक्षरांचा कोड असतो, आणि तो कोड सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. 'ए१' हे बीएडब्ल्यू५६ या दुहेरी डायोडवरही असतं, आणि एसआय२३०१ या मॉस्फेटच्या कोडची सुरुवातही 'ए१' नेच होते. पुढची अक्षरं पुसली असतील तर दोन्ही सारखेच. मीटर लावलं की मात्र वेगळे पडतात. दुहेरी डायोडमध्ये एकट्या पायावर लाल प्रोब ठेवला तर समोरच्या दोन्ही पायांवर ०.६ च्या आसपास येतं. मॉस्फेटचा गेट कुणाशीच बोलत नाही, आणि उरलेल्या दोघांत एकाच दिशेने डायोड दिसतो. ट्रान्झिस्टर असेल तर बेसपासून दोन्हीकडे ०.६-०.७ येतं आणि एमिटरचा आकडा किंचित जास्त असतो. 'ए७' बीएव्ही९९, '७०२' म्हणजे २एन७००२, '६६२के' म्हणजे ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, 'एम७' म्हणजे १एन४००७, हे रोज भेटणारे. यातला ६६२के तर ट्रान्झिस्टर समजून लोक बदलतात. त्याचा एक पाय ग्राउंडला आणि एक पाय प्रोसेसरच्या सप्लायला गेलेला दिसला की समजायचं, हा ट्रान्झिस्टर नव्हे.

तपकिरी, अंगावर काहीच न लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर ओळखणं सोपं, किंमत ठरवणं अवघड. आयसीच्या सप्लायपाशी असेल तर ०.१ मायक्रोफॅरड लावून बहुतेक वेळा काम होतं. क्रिस्टलच्या किंवा एलएम३३९ च्या इनपुटच्या बाजूचा असेल तर अंदाजाने लावू नका, तिथे किंमत चुकली की वेळेचं गणित चुकतं. तसाच भंगार बोर्ड मिळवा आणि पार्ट काढून मोजा.

झेनर तर गेला, पण आयजीबीटी मुळात का गेला?

झेनर आयजीबीटीसोबत मेला, त्याने आयजीबीटी मारला नव्हता. हे शोधल्याशिवाय शेगडी परत दिली असती तर ती तिसऱ्यांदा आली असती.

आयजीबीटी न लावता, सिरीज बल्बमधून बोर्डाला वीज दिली. ५ व्होल्ट ठीक. गेटच्या पॅडवर शून्य, तेही ठीक. तिथे स्टँडबायमध्येच व्होल्टेज दिसत असेल तर आयजीबीटी लावूच नका, लावल्या क्षणी जाईल. १८ व्होल्टची लाईन मात्र १७ च्या आसपास हलत होती. पंखा चालू झाला की १३ वर घसरत होती. त्या लाईनवरचा २२० मायक्रोफॅरडचा उभा कपॅसिटर काढून मोजला तर ६० भरला. वरून टोपी सपाट, फुगलेली नाही, गळती नाही, म्हणून पहिल्या वेळी माझी नजर त्यावरून पुढे गेली होती. हीटसिंकला अगदी खेटून बसवलेला असल्यामुळे तो रोज शिजत होता.

गेटला १८ ऐवजी १३ मिळालं, तेही हलतं, की आयजीबीटी पूर्ण उघडत नाही. अर्धवट उघडलेला आयजीबीटी तितक्याच करंटला जास्त तापतो. खानावळीत शेगडी सकाळी पाचपासून चालू, पातेलं मोठं, पॉवर कायम वरच्या टोकाला. घरगुती वापरात तोच दोष कदाचित वर्षभर लपून राहिला असता.

कपॅसिटर नवा १०५ डिग्रीचा, ३५ व्होल्टचा घातला आणि पाय थोडे लांब ठेवून हीटसिंकपासून दूर वाकवला. त्याच बैठकीत कॉइलच्या बाजूचे ३३४ लिहिलेले, म्हणजे ३३० किलोओहमचे रेझिस्टर तपासले. यांच्याबद्दल एक नियम पक्का धरा. बोर्ड बंद, कपॅसिटर रिकामे असताना, जागेवरच मोजलेला रेझिस्टर लिहिलेल्या किमतीपेक्षा कमी दिसला तर चालेल, शेजारच्या वाटांमुळे तसं होतं. जास्त दिसला तर तो नक्की खराब, कारण शेजारी किंमत कमीच करू शकतात, वाढवू शकत नाहीत. हे रेझिस्टर कॉइलवरचं व्होल्टेज एलएम३३९ ला सांगतात. त्यांची किंमत वाढली की आयजीबीटी चुकीच्या क्षणी चालू होतो आणि वारंवार उडतो. काकूंच्या बोर्डावर ते ठीक निघाले. पण पावसाळ्यानंतर आलेल्या दोन शेगड्यांत मला नेमका हाच दोष सापडला होता, त्यामुळे मोजल्याशिवाय सोडत नाही.

मग नवा आयजीबीटी, नवी पेस्ट, नवा झेनर. सिरीज बल्बवर पॅनेल नीट चालू झालं. पातेलं ठेवून हीटिंग दिलं की बल्ब उजळतो आणि बोर्ड कमी व्होल्टेजचा एरर दाखवतो, त्याला घाबरायचं कारण नाही. नंतर थेट मेनवर पाच लिटर पाणी ठेवलं, पूर्ण पॉवर, पाऊण तास. १८ ची लाईन १७.९ वर, पंखा चालू असतानाही.

झाकण लावण्याआधी भाच्याने मार्कर मागितला. बोर्डावर 'डी७' च्या शेजारी जागा नव्हती, म्हणून त्याने आतल्या बाजूला प्लास्टिकवरच लिहिलं: 'डी७ = झेनर १८ व्होल्ट, ४१४८ नव्हे'. खाली तारीख टाकली.